तोंडी सूचनेवरून बंद

वर्ग कॉलेजातल्या पोरांच्या मापाचा होता. बाकं अरुंद, त्यामुळे पोट सुटलेली चाळिशीपुढची माणसं त्यात तिरकी बसायची. दारावर छापील कागद चिकटवलेला: ‘नोकरी करणाऱ्यांसाठी पदव्युत्तर पदविका – इंटरनेटचा कारभार’. एक वर्ष, दर शनिवारी नऊ ते पाच. एकूण एकवीस विद्यार्थी. त्यात बँकेतले दोघे, एक पत्रकार, एक वकीलबाई, गृहखात्यातले एक उपसचिव, ज्यांना शिकवणारे सरसुद्धा ‘साहेब’ म्हणायचे, आणि ती. तिला वर्गानं पहिल्याच दिवशी ‘इंजिनिअरबाई’ करून टाकलं होतं.

“इंटरनेटचा कारभार? म्हणजे इंटरनेटची पंचाईत म्हण की,” नवरा म्हणाला होता. तीही हसली होती. कंपनीला कुणीतरी असा कागद मिळवलेला माणूस हवा होता, म्हणून कंपनीनं तिला पाठवलं. पण दोन शनिवारांतच तिला त्याची गोडी लागली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात ती चौदा वर्षं बसत होती. कुठली केबल कुठे तुटली, कुठला टॉवर कशानं रुसला, हे ती पडद्याकडे नुसतं बघून सांगायची. पण हे सगळं चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवतो कोण, कुठल्या कागदावर, आणि तो चुकला तर त्याला विचारतो कोण, हे तिला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. आता ती अधाशासारखी वाचत होती. स्वयंपाकघरात ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून वाचायची, पानांवर तेलाचे डाग पडायचे.

तिसऱ्या शनिवारी हजेरीचा कागद फिरत फिरत तिच्याकडे आला. सर फळ्यावर मोठं वर्तुळ काढून त्यात सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक असे चार भाग पाडत होते, आणि हे चौघे एका टेबलाशी बसले की कारभार कसा नीट चालतो ते सांगत होते. तिनं पेन उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. तिच्या वरच्या ओळीत एक सही होती. एकात एक अडकलेली तीन वेटोळी आणि खाली दोन ठिपके. ही सही तिनं आधी पाहिली होती. तिनं मान वर केली. पुढच्या बाकावर उपसचिवसाहेब चष्मा पुसत बसले होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दूरच्या एका गावात दोन गटांत दगडफेक झाली होती. तिची पहाटेची ड्यूटी होती. सहा वाजून दहा मिनिटांनी कक्षप्रमुखाचा घरून फोन आला, “त्या गावचं आणि आजूबाजूचं सगळं नेट बंद कर. वरून फोन आलाय. कागद येतोय मागून.” तिनं एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. नकाशावरचे बहात्तर टॉवर एकेक करून हिरव्याचे राखाडी झाले. मग सवयीनं तिनं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: ‘०६.१४. तोंडी सूचनेवरून बंद. लेखी आदेश नाही.’ कागद आला तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता. त्यावर तारीख मात्र पहिल्या दिवसाची होती आणि वेळ पहाटे साडेपाचची. खाली तीन वेटोळी, दोन ठिपके. कागद पोचल्याची वेळही तिनं रजिस्टरात लिहिली आणि विषय संपला. निदान रजिस्टरापुरता तरी.

कारण त्या गावात तिची नणंद राहत होती. धाकटी नणंद, शाळेत विज्ञान शिकवायची. ठेंगणी, ठाम आणि हट्टी, म्हणून लहानपणापासून घरात तिला सगळे ‘ठमी’ म्हणत. ठमीचा नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. तिच्या खात्यात बदलीचे अर्ज पाच वर्षांतून एकदा घेत, तेही फक्त ऑनलाइन. त्या खेपेची शेवटची तारीख नेट बंद असलेल्या चार दिवसांतच संपली. ठमीनं कागदावर अर्ज लिहून टपालानं पाठवला, तो परत आला. तेव्हापासून लेकीला घेऊन ती त्याच गावात एकटी राहत होती. “तुमची कंपनी काय झोपली होती का, वहिनी?” असं तिनं तेव्हा विचारलं होतं. “वरून आदेश असतात गं,” एवढंच वहिनीनं उत्तर दिलं होतं.

तिनं हजेरीवर सही केली, कागद पुढे सरकवला. सर अजून चार भागांत खडूनं बाण काढत होते.

अर्ध्या वर्षानंतर गटांनी करायचं काम आलं. तिघांतिघांचे गट, प्रत्येकानं इंटरनेट बंदीच्या एका खऱ्या प्रसंगाचा अभ्यास मांडायचा. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. तिच्या गटात वकीलबाई आणि साहेब. प्रसंग साहेबांनीच सुचवला. तोच. “हा आम्ही फार व्यवस्थित हाताळला होता,” ते म्हणाले. “चार दिवसांत सगळं शांत. एकही जीव गेला नाही.”

त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं. फोन त्यांनी कक्षप्रमुखाला केला होता, त्याच्या पलीकडे कुणाची तरी बोटं असतात हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

“घटनाक्रमाचा तक्ता मी करते,” ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिघं लायब्ररीतल्या टेबलाशी बसली. साहेबांनी तिचा तक्ता वाचला, चष्मा काढला. माणूस फार सभ्य होता. कधी आवाज चढवायचा नाही, बायकांसाठी दार धरून उभा राहायचा. तिला त्याचाच जास्त राग येत होता.

“मॅडम, एक छोटी दुरुस्ती लागेल. बंदी सहा चौदाला आणि आदेश तिसऱ्या दिवशी चार वाजता, असं तुम्ही लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल की आधी बंद केलं आणि मग कागद केला.”

“तसंच झालं.”

वकीलबाई पाण्याची बाटली भरायला उठून गेल्या. बाटली अर्धी भरलेली होती.

“आदेशावर वेळ साडेपाचची आहे,” साहेब म्हणाले.

“वेळ आहे. साडेपाचला तो कागद कुठे होता?”

“प्रक्रियेत होता.”

“आणि तुम्हाला हे कुठून कळलं म्हणून विचारणार असाल, तर त्या दिवशी ड्यूटीवर मी होते.”

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “अच्छा. मग तुमच्या नोंदीत चूक झाली असेल. पहाटेची वेळ, डोळ्यांवर झोप. माणूस आहे, होतं.”

तिला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. घरातली माणसं तो खालचा आवाज ओळखून असत. “झोप नव्हती,” ती इतक्या हळू म्हणाली की साहेबांना पुढे वाकावं लागलं. “मी कधीही झोपेत रजिस्टर लिहिलेलं नाही.”

सोमवारी कक्षप्रमुखानं तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीत मागे रेलून तो म्हणाला, “अहो बाई, तुम्हाला शिकायला पाठवलं की भांडायला? साहेबांचा फोन आला होता. आपला परवाना त्यांच्या खात्याच्या हातात असतो, एवढं तरी कळतं ना? एक वेळ बदलायचीय तक्त्यात. कोण बघतंय?”

“तुम्ही मला सांगितलं होतं, कागद येतोय मागून.”

“आला ना मग?”

ती बाहेर आली आणि जिन्यात उभी राहिली. त्याच्या ‘आला ना मग’ची तिला चीड आली, साहेबांच्या ‘प्रक्रियेत होता’ची आली, बाटली भरायला गेलेल्या वकीलबाईंची आली. आणि सगळ्यांच्या मुळाशी एक चीड होती जी ती इतके दिवस टाळत होती. ‘वरून आदेश असतात गं’ हे वाक्य तिचं स्वतःचं होतं.

रविवारी ती बस पकडून ठमीकडे गेली. शाळेमागे दोन खोल्या, ठमी जमिनीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पसरून तपासत बसली होती.

“आज अचानक? दादा कुठाय?”

“एकटीच आलेय. ठमे, त्या वेळी नेट बंद झालं होतं ना, ते मी केलं.”

“म्हणजे तुमच्या कंपनीनं.”

“नाही. मी. माझी ड्यूटी होती. मीच टाइप केलं.”

ठमीनं लाल पेनाचं टोपण लावलं. “आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. उद्या फॉर्म भरते, फोटो स्कॅन कसा करायचा म्हणून विचारायला.”

“हो.”

“म्हणजे तुला माझी तारीख माहीत होती.”

“माहीत होती. मला वाटलं, दोनचार तासांत चालू होईल.”

“आणि नाही झालं तेव्हा?”

तिनं समोरच्या गठ्ठ्याची कड सारखी केली. ठमी उठून खिडकीशी गेली. तिथूनच पाठमोरी म्हणाली, “तीन वर्षं, वहिनी! तीन वर्षं तू इथं येऊन माझ्या हातचा चहा पितेस. पोरगी दर रविवारी बसस्टँडवर बापाला सोडायला जाते आणि परत येताना एक शब्द बोलत नाही, हे तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. मी जगाला शिव्या देत होते, तू मान हलवत होतीस!”

“ठमे…”

“रडू नकोस हं. रडलीस तर मला तुझी समजूत काढायला लागेल, आणि मी ती काढणार नाही.”

ती रडली नाही. तिनं वर्गाबद्दल, सहीबद्दल, तक्त्याबद्दल सगळं सांगितलं. मग ठमीनं कपाटातून एक फाईल काढली आणि तिच्या मांडीवर टाकली. आत टपालानं परत आलेला लिफाफा होता आणि त्याला टाचलेलं पत्र: ‘अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील.’

“हे घेऊन जा. त्या साहेबासमोर वाच. माझ्या नावासकट, शाळेच्या पत्त्यासकट वाच. आणि एक ऐक, तुला माफ केलंय म्हणून देत नाहीये.”

मांडणीचा शनिवार आला. मोठ्या खोलीत पडदा लावला होता, बाहेरून आलेले दोन परीक्षक पुढच्या रांगेत बसले होते. साहेबांनी सुरुवात केली. शांत, मुद्देसूद बोलणं. मग पडद्यावर घटनाक्रमाचा तक्ता आला. ‘०५.३०: लेखी आदेश. ०६.१४: आदेशाची अंमलबजावणी.’ तिसऱ्या दिवसाची ओळच नव्हती. आणि खाली बारीक अक्षरात ‘तक्ता’ म्हणून तिचं नाव.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तिच्या नावाखाली दुसऱ्याचं खोटं छापून मोकळे झाले होते. ती उभी राहिली.

“हा तक्ता माझा नाही. आधी माझं नाव काढा.”

“मॅडम, तुमची पाळी पुढे आहे,” साहेब म्हणाले.

“माझी पाळी तीन वर्षांपूर्वी होती, तेव्हा मी गप्प बसले.” तिचा आवाज खाली गेला होता, पण खोली इतकी चिडीचूप झाली होती की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचत होते. “सहा वाजून चौदा मिनिटांनी मी स्वतः बहात्तर टॉवर बंद केले. हातात कागद नव्हता. याच वर्गात सरांनी शिकवलं की बंदीचा आदेश आधी लेखी हवा, त्यात कारण हवं, आणि पाच दिवसांत समितीनं तो तपासायला हवा. मला ते माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं. कागद तिसऱ्या दिवशी आला, मागची वेळ घालून.”

मग तिनं ठमीचं पत्र वाचलं. नाव, शाळा, पत्ता, तारीख. ‘अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील.’ बँकेतल्या दोघांपैकी एकानं मान खाली घातली.

सर अस्वस्थ होऊन पुढे आले. “बाई, आपण इथं व्यक्तींवर बोलत नाही. प्रक्रियांवर बोलतो. हा शैक्षणिक मंच आहे.”

“सर, कागदावर सही आहे ती माणसाची. तो माणूस इथं उभा आहे. एंटर दाबणारी पण इथंच उभी आहे. तुमचं ते वर्तुळ आहे ना, चौघे एका टेबलाशी? बसलोय की आम्ही! आता खरं बोलायची वेळ आली तर मंच शैक्षणिक झाला?”

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा तांबडा झाला. “सोपं असतं मॅडम, नंतर बोलणं. त्या पहाटे मला फोन येत होते, जमाव जमतोय, अफवा फिरतायत. दगड डोक्यात बसून कुणी मेलं असतं तर हीच मंडळी विचारायला आली असती, लवकर बंद का नाही केलं म्हणून. कागदाला वेळ लागतो. जमाव थांबत नाही.”

खोलीतल्या काहींना ते पटलं. तिलाही त्यातलं थोडं पटलं, आणि त्यामुळे ती आणखीच पेटली. “मग कागदावर तसंच लिहायचं! ‘घाई होती, आधी बंद केलं, कारणं तिसऱ्या दिवशी देतोय.’ मी तुमच्यासमोर हात जोडले असते. साडेपाच का लिहिलंत?”

परीक्षकांकडे बघून साहेब किंचित हसले, लहान मूल हट्टाला पेटल्यावर मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात तसं.

तेवढ्यात वकीलबाई बोलल्या. बसूनच, वहीकडे बघत. “साहेब, समितीची बैठक कोणत्या तारखेला झाली?”

“बघून सांगतो.”

“इतिवृत्त मिळेल?”

“बघून सांगतो म्हटलं ना.”

वकीलबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. सरांनी घाईघाईनं पुढच्या गटाला बोलावलं.

निकाल लागला तेव्हा त्या विषयात ती नापास होती. शेरा होता: ‘गटकार्यात असहकार.’ साहेब पहिल्या श्रेणीत. कंपनीनं तिला नियंत्रण कक्षातून काढून ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या विभागात बसवलं. नकाशा नाही, पडदा नाही, कानाला हेडफोन आणि दिवसभर लोकांची बोलणी. “एवढं करून काय मिळवलंस?” नवऱ्यानं विचारलं. त्यानं ते काळजीनं विचारलं होतं, तरी दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

मग एका संध्याकाळी वकीलबाई घरी आल्या. दारातच म्हणाल्या, “त्या दिवशी पाणी आणायला गेले होते, त्याची लाज वाटते. तक्रार करायची का? रीतसर?” दोघींनी मिळून गृहखात्याकडे तक्रार लिहिली आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं. ती चौदा वर्षांत पहिल्यांदा कंपनीच्या नियमाविरुद्ध वागली होती: कक्ष सोडताना त्या दोन नोंदींचे फोटो तिनं काढून घेतले होते. ते जोडले. ठमीचा लिफाफाही जोडला. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, ‘सदर बैठकीच्या नोंदी उपलब्ध नाहीत.’ वकीलबाई म्हणाल्या, “म्हणजे बैठक झालीच नाही. हे उत्तर कोर्टात उपयोगी पडेल.” त्या खूश होत्या. तिला मात्र तो कागद फाडून खावासा वाटला.

त्याच महिन्यात कंपनीत परिपत्रक निघालं. ‘यापुढे लेखी आदेश हाती आल्याशिवाय कोणतीही सेवा बंद करू नये.’ खाली कक्षप्रमुखाची सही. तक्रारीत कंपनीचंही नाव होतं, वरची मंडळी घाबरली होती, एवढाच त्याचा अर्थ. पण बैठकीत कक्षप्रमुखानं ते स्वतःची कल्पना म्हणून वाचून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका छोट्याशा परिपत्रकात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. तिनं मोजल्या.

तिनं ठमीला फोन केला. ठमी त्या दिवसानंतर कामापुरतंच बोलत असे. या खेपेला बदलीचे अर्ज सुरू झाले तेव्हा पहिल्याच तासात तिनं फॉर्म भरला होता, आणि ते तिनं वहिनीला सांगितलं नव्हतं, दादाला सांगितलं होतं.

“परिपत्रक निघालं,” ती म्हणाली.

“मग? हार घालू तुला?”

“नको.”

“चिडलीयस?”

“खूप.”

“चिडलेली राहा,” ठमी म्हणाली. “तशीच बरी आहेस.” आणि फोन ठेवला.

वकीलबाईंनी कोर्टात अर्ज केला होता, पण तारीख अजून लागायची होती. नापास झालेला विषय मात्र लेखी परीक्षेनं पुन्हा देता येत होता. तिनं अर्ज भरला. परीक्षेच्या दिवशी त्याच अरुंद बाकावर ती तिरकी बसली. पहिलाच प्रश्न होता: ‘सेवा बंद करण्याची विहित प्रक्रिया सविस्तर लिहा.’ तिनं वाचला, पुन्हा वाचला, आणि लिहायला लागली. नियम लिहिला, त्याखाली तो कुठे आणि कसा मोडला ते लिहिलं, वेळेसह. मग पुढचा नियम. बाकीचे प्रश्न तसेच पडून होते. तासाभरानं तिनं हात वर केला. पर्यवेक्षक जवळ आले, तिची भरलेली पानं बघून म्हणाले, “एवढ्यात संपली?”

“पुरवणी द्या,” ती म्हणाली. “दोन द्या.”